बॉम्ब, नोंदणीचा कायदा आणि संपादकाचा देशत्याग : जेफ्री न्यारोटा यांचे प्रकरण

झिम्बाब्वेतील ‘डेली न्यूज’ या दैनिकाचे संस्थापक-संपादक जेफ्री न्यारोटा ३० डिसेंबर २००२ रोजी पदावरून दूर झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी देश सोडला. त्याआधीच्या पावणेचार वर्षांत त्यांच्या कार्यालयाच्या इमारतीत बॉम्ब फुटला होता, छापखाना स्फोटाने उद्ध्वस्त झाला होता, त्यांना ठार मारण्याची सुपारी घेतलेला माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता आणि त्यांना सहा वेळा अटक झाली होती. यांपैकी कशामुळेही ते देशाबाहेर गेले नाहीत. ते गेले ते त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांशी झालेल्या बेबनावानंतर, आणि तेही नव्या वृत्तपत्र कायद्याने घालून दिलेली मुदत संपत आलेली असताना. घटनांचा क्रम असा का लागला, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मुळापासून पाहावे लागते.

संपादक आणि हद्दपारी हे शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला मंडाले आठवते. टिळकांच्या बाबतीत १९०८ मध्ये आरोप होता, ज्यूरी होती, सहा वर्षांची शिक्षा होती आणि १९१४ मध्ये सुटकाही होती. न्यारोटांच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते. त्यांना हद्दपार करणारा हुकूम कोणी काढला नाही, त्यामुळे तो कोणी मागे घेण्याचा प्रश्नही कधी आला नाही. आधुनिक राजवटी संपादकाला देशाबाहेर घालवतात ते बहुधा याच पद्धतीने, आणि म्हणूनच त्याचा ठपका नेमका कोणावर ठेवायचा हे ठरवणे अवघड जाते.

विलोवेलच्या मोटारी

न्यारोटांचा जन्म १९५१ चा, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातला. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला तिथे शिक्षकी पेशाखेरीज फारशी दारे उघडी नव्हती, म्हणून ते आधी शिक्षक झाले. १९७८ मध्ये ‘ऱ्होडेशिया हेराल्ड’ने त्यांना प्रशिक्षणार्थी वार्ताहर म्हणून घेतले. १९६५ मध्ये इयान स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करून सेन्सॉरशिप लादली, तेव्हा कापलेल्या मजकुराच्या जागी कोरे रकाने सोडून अंक काढणारे वृत्तपत्र ते हेच. एप्रिल १९८० मध्ये देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी नायजेरियाने दिलेल्या पैशातून एक विश्वस्त निधी उभारून नव्या सरकारने दक्षिण आफ्रिकी आर्गस समूहाचे समभाग विकत घेतले आणि देशातील मुख्य वृत्तपत्रे त्या निधीच्या ताब्यात दिली. हेतू चांगला सांगितला गेला होता. परक्या भांडवलाच्या हातातून वृत्तपत्रे सोडवणे याला स्वातंत्र्यानंतर कोण विरोध करणार? पण संपादकाची नेमणूक आणि बदली आता सरकारच्या मर्जीतल्या मंडळींच्या हाती गेली, आणि पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज तिथे आहे.

न्यारोटा आधी ‘मनिका पोस्ट’चे आणि मग बुलावायोच्या ‘क्रॉनिकल’चे संपादक झाले. बुलावायो हे माटाबेलेलँडचे मुख्य शहर. याच प्रदेशात १९८३ पासूनच्या काही वर्षांत लष्कराच्या पाचव्या ब्रिगेडने हजारो नागरिकांची हत्या केली. सरकारी मालकीच्या वृत्तपत्रांतून तिच्याविषयी जवळजवळ काहीच छापून आले नाही, आणि त्या काळात ‘क्रॉनिकल’ काय करत होता हा प्रश्न न्यारोटांचे टीकाकार त्यांना पुढे अनेक वर्षे विचारत राहिले. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यांचा गौरव करताना तो वगळून चालणार नाही.

१९८८ मध्ये जे घडले त्याची सुरुवात चुकीच्या माणसाच्या हाती पडलेल्या एका धनादेशाने झाली. राजधानी हरारेच्या विलोवेल भागात सरकारी मालकीचा मोटारजुळणीचा कारखाना होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारी फार थोड्या तयार होत, किमती सरकारने बांधून दिलेल्या होत्या आणि सामान्य ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. या कारखान्याचा एक धनादेश बुलावायोतील ओबर्ट म्पोफू या व्यावसायिकाकडे आला. तो वास्तविक मनीलाल नारन या व्यापारी समूहाच्या, म्पोफू हेच आडनाव असलेल्या प्रतिनिधीसाठी होता. म्पोफू यांना संशय आला आणि ही माहिती ‘क्रॉनिकल’पर्यंत पोहोचली. न्यारोटा आणि त्यांचे उपसंपादक डेव्हिसन मारुझिवा यांनी कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्या कोणाच्या नावावर निघाल्या आणि नंतर कोणाच्या हाती गेल्या, याच्या नोंदी जुळवायला घेतल्या. मंत्री आणि बडे अधिकारी रांग ओलांडून ठरलेल्या किमतीला गाड्या घेत होते आणि खुल्या बाजारात कित्येक पटींनी विकत होते, हे त्यातून उघड झाले.

बातम्या छापून येऊ लागल्यावर संरक्षणमंत्री एनॉस न्काला यांनी लष्कर पाठवून संपादकांना उचलून आणण्याची धमकी दिली, आणि ‘क्रॉनिकल’ने ती धमकीही छापली. अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना न्यायाधीश विल्सन संडुरा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला, आणि आयोगापुढची साक्ष ऐकायला लोक गर्दी करू लागले. १९८९ मध्ये न्कालांसह पाच मंत्र्यांना जावे लागले. स्वातंत्र्यलढ्यातील ज्येष्ठ नेते मॉरिस न्यागुंबो यांनी आत्महत्या केली. मंत्री फ्रेडरिक शावा यांना खोटी साक्ष दिल्याबद्दल नऊ महिन्यांची शिक्षा झाली, पण मुगाबे यांनी त्यांना लगेच माफी दिली. आपल्यापैकी कोण खोटे बोलत नाही, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता.

मंत्री गेले, आणि संपादकही गेले. न्यारोटांना पगारवाढीसह हरारेत खास त्यांच्यासाठी निर्माण केलेल्या जनसंपर्काच्या पदावर बढती देण्यात आली. बढतीविरुद्ध दाद मागता येत नाही. तेरा वर्षांनंतरच्या प्रसंगाकडे पाहताना ही बढती लक्षात ठेवली पाहिजे, कारण पत्रकाराला न तुरुंगात टाकता, न मारता, केवळ त्याच्या खुर्चीची जागा बदलून गप्प करता येते हे राजवटीने इथे पहिल्यांदा करून पाहिले.

त्यानंतरची दहा वर्षे थोडक्यात सांगता येतात. ‘फायनान्शियल गॅझेट’ या खासगी साप्ताहिकाचे संपादकपद त्यांना मिळाले आणि गेलेही. मग ते मोझांबिकची राजधानी मापुतो येथे दक्षिण आफ्रिकी प्रदेशातील पत्रकारांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रात शिकवू लागले.

‘डेली न्यूज’ची पावणेचार वर्षे

३१ मार्च १९९९ रोजी ‘डेली न्यूज’चा पहिला अंक निघाला. न्यारोटा मुख्य संपादक आणि विल्फ म्बांगा व्यवस्थापकीय संचालक होते. प्रकाशक कंपनी ‘असोसिएटेड न्यूजपेपर्स ऑफ झिम्बाब्वे’ ही होती आणि सुरुवातीच्या भांडवलात परदेशी गुंतवणूकदारांचा मोठा वाटा होता. जे आहे ते आहे तसे सांगणे, अशा अर्थाचे ब्रीदवाक्य मुखपृष्ठावर होते. वर्ष कसोटीचे होते. जानेवारीतच ‘द स्टँडर्ड’ या साप्ताहिकाचे संपादक मार्क चावुंडुका आणि वार्ताहर रे चोटो यांना लष्करातील कथित बंडाच्या बातमीवरून पकडून लष्करी कोठडीत त्यांचा छळ करण्यात आला होता. सप्टेंबरमध्ये मॉर्गन त्स्वांगिराई यांच्या नेतृत्वाखाली एमडीसी हा नवा विरोधी पक्ष उभा राहिला. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या राज्यघटनेवरील सार्वमतात सरकार हरले, आणि त्यानंतर गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींचा हिंसक ताबा घेण्याचे सत्र सुरू झाले. जूनच्या निवडणुकीत थेट निवडायच्या १२० जागांपैकी ५७ एमडीसीला मिळाल्या. लोकांना काय चालले आहे हे वाचायचे होते आणि सरकारी ‘हेराल्ड’ ते सांगत नव्हता. २००० सालीच ‘डेली न्यूज’चा खप एक लाखाच्या वर गेला.

एप्रिल २००० मध्ये कार्यालयाच्या इमारतीच्या तळमजल्यावर असलेल्या कलादालनात बॉम्ब फुटला. वरच्या मजल्यावर संपादकांची खोली होती. ऑगस्टमध्ये एक माणूस कार्यालयात आला. लिफ्टमध्ये त्याची आणि न्यारोटांची गाठ पडली आणि न्यारोटा त्याच्याशी नेहमीच्या सौजन्याने बोलले. नंतर त्याने येऊन सांगितले की, केंद्रीय गुप्तचर संघटनेने आपल्याला संपादकांना मारण्याचे काम दिले होते, पण या माणसाला भेटल्यावर ते आपल्याने होणार नाही. दैनिकाने हा वृत्तांत छापला. ग्रामीण भागात सत्ताधारी पक्षाचे तरुण अंकांचे गठ्ठे जाळत आणि हातात ‘डेली न्यूज’ दिसला तर वाचणाऱ्याला मारहाण करत, म्हणजे वृत्तपत्र काढणे धोक्याचे होते तसे ते विकत घेणेही धोक्याचे झाले होते.

२८ जानेवारी २००१ च्या पहाटे छापखान्यात शक्तिशाली स्फोट होऊन छपाईयंत्र निकामी झाले. माहितीमंत्री जोनाथन मोयो यांनी त्याच्या काही दिवस आधीच या दैनिकाचा वेडेपणा लोक लवकरच थांबवतील, अशा आशयाचा जाहीर इशारा दिला होता. त्या स्फोटाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. अंक मात्र बाहेरच्या छापखान्यांतून कमी पानांनी का होईना, निघतच राहिला.

बॉम्बने दैनिकाचे नुकसान झाले, पण त्याच वेळी त्याची पतही वाढली. ज्याचा छापखाना उडवला जातो त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी आहे असे वाचक समजतो, आणि जगही तसेच समजते. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीने न्यारोटांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. २००२ मध्ये जागतिक वृत्तपत्र संघटनेचा ‘गोल्डन पेन ऑफ फ्रीडम’ आणि युनेस्कोचा गिलेर्मो कानो पुरस्कार त्यांना मिळाला. हल्ल्याचा शिल्लक उरणारा परिणाम सरकारला हवा होता त्याच्या नेमका उलट होत होता. हे सरकारच्या लक्षात आले नसेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

खोटी ठरलेली बातमी

या प्रकरणातील सर्वांत अडचणीचा भाग एप्रिल २००२ मधला आहे. सत्ताधारी पक्षाच्या तरुणांनी मगुंजे भागात एका स्त्रीचा तिच्या मुलींदेखत शिरच्छेद केला, असा दावा तिचा पती म्हणवणाऱ्या माणसाने केला आणि ‘डेली न्यूज’ने तो छापला. परदेशी वृत्तपत्रांनीही ती बातमी उचलली. अशी घटना घडलीच नव्हती. दैनिकाला माफी छापावी लागली. न्यारोटांवर आणि संबंधित वार्ताहरांवर खोटी बातमी छापल्याचा गुन्हा दाखल झाला. ‘गार्डियन’चे हरारेतील प्रतिनिधी अँड्र्यू मेल्ड्रम यांच्यावर त्याच बातमीवरून खटला चालला आणि जुलैमध्ये ते निर्दोष सुटले.

संपादकीय पातळीवर ही गंभीर चूक होती, आणि जवळपास त्याच दिवसांत युनेस्कोचा पुरस्कार घेतला जात होता हे ध्यानात घेतले तर ती अधिकच बोचते. पण चुकीवर उपाय काय असावा? दुरुस्ती, माफी आणि बदनामी झाली असेल तर दिवाणी दावा हे उपाय जगभर आहेत. नव्या वृत्तपत्र कायद्याने मात्र या चुकीसाठी तुरुंगवासाची तरतूद केली, आणि खोटी बातमी हाच पुरावा पुढे करून सरकारला सांगता आले की अशा वृत्तपत्रांना लगाम हवाच होता. मे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोट्या बातमीविषयीची ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. तोवर न्यारोटा अमेरिकेत होते.

नोंदणीचा कायदा

‘माहितीची उपलब्धता आणि खासगीपणाचे संरक्षण’ असे नाव असलेल्या या कायद्यावर मुगाबे यांनी मार्च २००२ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर काही दिवसांतच, स्वाक्षरी केली. त्याचे कर्तेधर्ते होते मोयो. प्रत्येक प्रसारसंस्थेने सरकारनियुक्त माध्यम आयोगाकडे नोंदणी करायची, प्रत्येक पत्रकाराने दर वर्षी अधिस्वीकृती, म्हणजे काम करण्याचा परवाना, घ्यायची, नोंदणीशिवाय काम करणे हा गुन्हा, आणि परदेशी मालकीला मज्जाव, हा त्याचा गाभा. आयोगाचे अध्यक्षपद टाफाटाओना महोसो यांच्याकडे गेले. सरकारवर टीका करणाऱ्या पत्रकारांविषयीचा त्यांचा राग त्यांच्या स्तंभलेखनातून लोकांना आधीच ठाऊक होता.

नोंदणी ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १८६७ च्या ब्रिटिश कायद्यानुसार भारतात मुद्रक आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावे लागे, आणि ती पद्धत दीड शतक टिकली. पण घोषणापत्रात मी अमुक ठिकाणाहून अमुक नियतकालिक काढतो एवढेच सांगावे लागे. हरारेच्या कायद्यात परवानगी मागायची होती, ती नाकारता येत होती, दिलेली काढून घेता येत होती, आणि देणारा आयोग मंत्र्याने नेमलेला होता.

‘डेली न्यूज’च्या कंपनीने नोंदणी न करता कायद्यालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान द्यायचे ठरवले. हा निर्णय बरोबर होता का, यावर झिम्बाब्वेतील पत्रकारांत आजही दोन मते आहेत. ‘झिम्बाब्वे इंडिपेंडंट’ आणि ‘द स्टँडर्ड’ यांनी नोंदणी केली आणि ती साप्ताहिके तगली, याकडे एक बाजू बोट दाखवते. दुसरी बाजू ‘द ट्रिब्यून’कडे बोट दाखवते. त्याने नोंदणी केली होती, तरीही मालकीतील बदल वेळेवर कळवला नाही या कारणाने २००४ मध्ये आयोगाने त्याला बंद केले. माझ्या मते दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार आहे. लहान साप्ताहिके सरकारला सहन होण्यासारखी होती. लाखाचा खप असलेले आणि गावोगाव पोहोचणारे दैनिक तसे नव्हते, आणि आयोगाच्या हाती एकदा त्याची दोरी गेली असती तर ती ओढण्याचे निमित्त कधीही सापडले असते.

डिसेंबर २००२

बाहेरचा दाब वाढत असताना आत काय चालले होते, हे या प्रकरणात सहसा दुर्लक्षिले जाते. स्वतःचा छापखाना गेल्यापासून छपाईचा खर्च वाढला होता. देशातील महागाईचा वार्षिक दर २००२ च्या अखेरीस दोनशे टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता, म्हणजे जानेवारीत ठरलेला पगार डिसेंबरात एक तृतीयांश किमतीचा उरत होता. परदेशी भागधारकांची जागा घेण्यासाठी दूरसंचार उद्योजक स्ट्राइव्ह मासियिवा यांची गुंतवणूक आली होती. मासियिवा यांनी मोबाइल सेवेच्या परवान्यासाठी मुगाबे सरकारशी वर्षानुवर्षे न्यायालयीन झुंज दिली होती आणि २००० पासून ते दक्षिण आफ्रिकेत राहत होते. कंपनीचे नवे कार्यकारी अध्यक्ष सॅम्युएल सिपेपा न्कोमो होते. म्बांगा तोवर व्यवस्थापनात राहिले नव्हते.

डिसेंबरात पत्रकारांनी पगारासाठी संप केला. संपादकाची जागा अशा वेळी फार अवघड असते. संपावर गेलेली माणसे त्याची असतात आणि ज्यांच्याविरुद्ध संप असतो त्या व्यवस्थापनाचाही तो भाग असतो. न्यारोटा आणि न्कोमो यांच्यातील तणाव विकोपाला गेला आणि ३० डिसेंबरला न्यारोटांचे संपादकपद संपले. कंपनीच्या दृष्टीने हा शिस्तीचा विषय होता. न्यारोटांच्या दृष्टीने त्यांना घालवण्यात आले होते.

त्यांच्यावरचे खटले उभेच होते आणि पोलीस पुन्हा उचलतील ही धास्तीही होती. आतापर्यंत प्रत्येक अटकेच्या वेळी त्यांच्यामागे दुसऱ्या दिवशीचा अंक असे. मुखपृष्ठावर बातमी येई, कंपनीचे वकील ठाण्यावर पोहोचत, परदेशी वार्ताहर दूरध्वनी करत. पद गेल्यावर हे सारे एका दिवसात नाहीसे झाले आणि उरले ते केवळ एक आरोपी नागरिक. संपादकाचे संरक्षण त्याच्या धैर्यापेक्षा त्याच्या संस्थेत असते, हे सरकारला १९८९ पासून ठाऊक होते. या वेळी संस्था सरकारच्या मालकीची नव्हती, तरी परिणाम तोच झाला. संचालक मंडळाने सरकारच्या सांगण्यावरून हे केले असे म्हणण्याला आधार नाही, आणि त्याची गरजही नव्हती. महागाई, जळालेला छापखाना आणि डोक्यावरची नोंदणीची मुदत यांनी कंपनीला ज्या कोपऱ्यात ढकलले होते, तिथे आपापसात भांडण होणे जवळजवळ अटळ होते.

जानेवारी २००३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथून हार्वर्ड विद्यापीठाच्या नीमन पत्रकारिता अभ्यासवृत्तीवर अमेरिकेला पोहोचले.

त्यांच्या मागे ‘डेली न्यूज’ आणखी आठ-साडेआठ महिने चालला. ११ सप्टेंबर २००३ रोजी सरन्यायाधीश गॉडफ्री चिड्याउसिकु यांच्या न्यायपीठाने कायद्याच्या घटनात्मकतेचा प्रश्न ऐकायलाच नकार दिला. कंपनी नोंदणी न करता अंक काढत असल्याने ती स्वच्छ हातांनी न्यायालयात आलेली नाही, आधी कायदा पाळा आणि मग त्याविरुद्ध बोला, असे निकालाचे सार होते. ज्या कायद्याचे पालन करणे म्हणजेच हक्क सोडणे आहे, त्याला आव्हान द्यायचे कसे याचे उत्तर त्या निकालात नाही. दुसऱ्याच दिवशी पोलीस कार्यालयात घुसले आणि त्यांनी ते बंद केले; काही दिवसांत संगणकही उचलून नेले. मग कंपनीने नोंदणीसाठी अर्ज केला आणि आयोगाने तो फेटाळला.

ऑक्टोबरात प्रशासकीय न्यायालयाचे न्यायाधीश मायकेल माजुरू यांनी आयोगाची रचनाच सदोष असल्याचे सांगून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर अंक एकदा निघाला आणि पोलिसांनी पुन्हा कुलूप लावले. माजुरू यांच्यावर इतका दबाव आला की तेही देश सोडून दक्षिण आफ्रिकेत गेले. जानेवारी २००४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने दैनिक पुन्हा काही दिवस बाजारात दिसले. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या सक्तीच्या अधिस्वीकृतीवर शिक्कामोर्तब केले आणि ‘डेली न्यूज’ थांबला. तीन वर्षांपूर्वी स्फोटाने जे साधले नव्हते ते आता झाले, आणि त्यासाठी एका निकालपत्राखेरीज काही लागले नाही.

परदेशातून

न्यारोटांनी अमेरिकेत नीमन अभ्यासवृत्तीनंतर हार्वर्डच्याच मानवी हक्क केंद्रात काम केले. २००६ मध्ये त्यांचे आत्मकथन दक्षिण आफ्रिकेत प्रसिद्ध झाले. मॅसॅच्युसेट्समधून त्यांनी ‘द झिम्बाब्वे टाइम्स’ हे ऑनलाइन वृत्तपत्र काढले. मायदेशातून कामाच्या शोधात बाहेर पडलेल्या लाखो लोकांमुळे त्याला वाचक मिळाले, पण ते मुख्यतः जोहान्सबर्ग, लंडन आणि अमेरिकेतले. ज्याच्यासाठी १९९९ चे दैनिक काढले होते, त्या बुलावायोच्या बसथांब्यावरच्या किंवा खेड्यातल्या शाळामास्तरापर्यंत तेव्हाचे इंटरनेट पोहोचत नव्हते. परदेशी राहून पत्रकारिता करणाऱ्याची खरी अडचण ही असते. सुरक्षितता मिळते, व्यासपीठ मिळते, पण बातमी जिथली असते तिथला वाचक हातातून निसटतो.

म्बांगांनी या अडचणीवर वेगळा उपाय केला. ते नेदरलँड्समार्गे इंग्लंडला गेले आणि फेब्रुवारी २००५ पासून ‘द झिम्बाब्वियन’ हे साप्ताहिक काढू लागले. अंक दक्षिण आफ्रिकेत छापून ट्रकने सीमेपार पाठवले जात, कारण बाहेर छापलेल्या वृत्तपत्राला त्या कायद्यातील नोंदणीची अट लागू होत नव्हती. मे २००८ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीच्या तोंडावर, सशस्त्र माणसांनी ६०,००० अंक घेऊन येणारा ट्रक अडवून जाळून टाकला. पुढच्याच महिन्यात सरकारने परदेशी वृत्तपत्रांवर चैनीच्या वस्तूंसारखे भारी आयातशुल्क बसवले. साप्ताहिकाने २००९ मध्ये केलेली जाहिरात त्या काळाविषयी बरेच काही सांगते. अब्जावधी आणि ट्रिलियन डॉलरच्या झिम्बाब्वियन नोटा साध्या कागदापेक्षा स्वस्त पडत होत्या, म्हणून त्यांच्यावरच मजकूर छापून त्या पत्रकांसारख्या वाटण्यात आल्या आणि जोहान्सबर्गमध्ये भिंतींवर चिकटवण्यात आल्या. लंडनहून चालणाऱ्या ‘एसडब्ल्यू रेडिओ आफ्रिका’ने तिसरा मार्ग धरला होता. २००१ ते २०१४ या काळात हे केंद्र लघुलहरींवरून देशात बातम्या पोहोचवत राहिले आणि सरकार त्या लहरींत अडथळे आणत राहिले.

परतल्यावर

फेब्रुवारी २००९ मध्ये मुगाबे आणि त्स्वांगिराई यांचे संयुक्त सरकार आले, मे २०१० मध्ये नव्या माध्यम आयोगाने ‘डेली न्यूज’ला परवाना दिला आणि मार्च २०११ मध्ये दैनिक पुन्हा सुरू झाले. न्यारोटा देशात परतले, पण पुन्हा सुरू झालेल्या दैनिकाच्या संपादकपदी ते नव्हते.

२०१३ च्या अखेरीस सरकारने माध्यमांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमले आणि त्याचे अध्यक्षपद न्यारोटांना दिले. नेमणारे मंत्री होते जोनाथन मोयो, जे मधल्या काळात सत्तेबाहेर जाऊन पुन्हा माहितीमंत्री झाले होते. न्यारोटांनी हे पद स्वीकारले याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. छापखाना उडाला तेव्हा जे मंत्री होते, नोंदणीचा कायदा ज्यांनी आणला, त्यांच्याच हातून नेमणूक घेणे अनेकांना पचले नाही. मला मात्र ही टीका अर्धीच पटते. परदेशातून परतलेल्या माणसापुढे निवड असते ती स्वच्छ आणि अस्वच्छ यांच्यातली नसते. ज्या देशात कायदे बदलायचे आहेत तिथे ते बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्याशीच बोलावे लागते, आणि त्या मंडळामुळे देशभरातल्या पत्रकारांचे पगार, छळ आणि मालकीचे प्रश्न निदान सरकारी कागदावर नोंदले गेले. २००२ चा कायदा रद्द व्हायला पुढे २०२० साल उजाडले, आणि त्याचे श्रेय एका अहवालाला देणे अतिशयोक्तीचे होईल.

दरम्यान नोव्हेंबर २०१७ च्या लष्करी हस्तक्षेपात मुगाबे पायउतार झाले आणि मोयो यांनाच जीव वाचवून देश सोडावा लागला. समाजमाध्यमांवरून ते परदेशातून झिम्बाब्वेच्या राजकारणावर भाष्य करू लागले. म्हणजे या प्रकरणात ज्यांची नावे आली त्यांतील गुंतवणूकदार, व्यवस्थापकीय संचालक, संपादक, न्यायाधीश आणि शेवटी कायदा करणारा मंत्री, असे सगळेच कधी ना कधी परदेशात आसरा घेताना दिसतात. १९८८ च्या बातम्यांत ज्यांची नावे होती त्यांची वाटचाल याच्या उलट आहे. खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरलेले फ्रेडरिक शावा राजदूत झाले आणि २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री. विलोवेल प्रकरणात पद गमावलेले जेकब मुडेंडा २०१३ पासून संसदेचे सभापती. ज्यांच्या हाती तो धनादेश पडला होता ते ओबर्ट म्पोफूही मुगाबे यांच्या मंत्रिमंडळात गेले.

न्यारोटा मार्च २०२५ मध्ये वारले. तेव्हा ‘डेली न्यूज’ निघत होता, मात्र २००० सालचा त्याचा खप आणि ती जागा त्याला पुन्हा मिळाली नव्हती.